जुन्या ऑफिसच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे (ऑप्टिप्लेक्स ९०२०, पातळ कॅबिनेट)

पत्रिकावाला_महाल | शुक्रवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. नागपुरात, महाल भागात माझं लग्नपत्रिका आणि डीटीपीचं लहानसं दुकान आहे. दोन वर्षांआधी एका ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक उचलला. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, तो आडवा पातळ डबा येतो न, तो. आय५-४५९०, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. कोरल ड्रॉ, फोटोशॉप आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी पेजमेकर यावर चालते.

आता झालं असं की लोक छापील पत्रिका पन्नासच घेतात, देवापुढे ठेवायला आणि मामाकडे द्यायला. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पत्रिका पाहिजे. पोट्टा माझा त्यासाठी दा विंची रिझॉल्व्ह शिकला. पण तीन मिनिटांचा व्हिडिओ करायला घेतला की डबा मुका होऊन बसते. माउस इकडून तिकडे न्यायला बिस्मिल्ला करावं लागते.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) विचारलं. एकानं जीटी ७३० दाखवलं, "चार जीबी आहे काका, सगळं धावते", साडेचार हजार. दुसरा म्हणे या डब्यात काहीच बसत नाही, नवीन घ्या, पंचेचाळीस हजार. या दोघांच्या मधलं काही आहे का? नऊ-दहा हजार लावू शकतो. सीझन चालू आहे, मशीन दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११:०४

काका, आधी हे सांगा की कोरल पण हळू चालते की फक्त रिझॉल्व्ह? दोन्ही दुखणी वेगळी आहेत. कोरलमध्ये मोठी फाइल उघडायला वेळ लागत असेल तर त्याला ग्राफिक्स कार्ड काही करत नाही.

टास्क मॅनेजर उघडून ठेवा, नेहमीचं काम करा, आणि डिस्क किती टक्के दाखवते ते इथे लिहा. तोवर ७३० घेऊ नका. कृपा करा.

पत्रिकावाला_महाल | शनिवार, सकाळी ९:२०

कोरल पण हळूच आहे. पाहिलं आत्ता. डिस्क १००%, खाली उतरतच नाही. रॅम ८ पैकी ७.४ भरली. प्रोसेसर मात्र ३०-३५ टक्क्यांवर आरामात बसून आहे.

७३० काहून नको? चार जीबी तर आहे त्यात.

काटेकोर | शनिवार, सकाळी १०:१५

४ जीबी हा टाकीचा आकार झाला. नळ केवढा आहे ते कोणी सांगत नाही. हजार लिटरची टाकी आणि खाली अर्ध्या इंचाचा नळ, अशी गत आहे त्या कार्डाची. बाजारात बहुतेक दिसते ती ६४ बिट, डीडीआर३ मेमरीची ७३०. तिचा मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी. आता तुमच्या मदरबोर्डकडे पाहा. डीडीआर३ १६०० च्या दोन पट्ट्या जोडीनं लावल्या तर तुमच्या प्रोसेसरला सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, आणि त्यातला फुकटचा एचडी ग्राफिक्स ४६०० तीच मेमरी वापरतो. म्हणजे साडेचार हजार देऊन तुम्ही आहे त्याहून बारीक नळ विकत घेणार.

शिवाय त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाचे नेहमीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ पासूनच बंद आहेत.

तेव्हा पहिला खर्च कार्डाचा नाहीच. एक एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) आणि ८ जीबीची दुसरी पट्टी. तुमच्या बोर्डवर रॅमचे चार खाचे आहेत, ३२ जीबीपर्यंत जाते. जुनी डीडीआर३ पट्टी स्वस्तात मिळते. कोरलचं दुखणं इथेच संपेल.

मग रिझॉल्व्ह. त्याला मात्र कार्ड लागतंच, कारण रंग, इफेक्ट, अक्षरं हलवणं हे सगळं ते कार्डावरच करते. आणि तिथे मेमरी कमी पडली की "जीपीयू मेमरी फुल" म्हणून हात वर करते. २ जीबीच्या जीटी १०३० वर मी हे रोज पाहायचो. १०३० मध्ये अजून एक गंमत आहे. एकाच नावाखाली दोन कार्डं विकतात, जीडीडीआर५ वालं सेकंदाला ४८ जीबी आणि डीडीआर४ वालं १६.८. खोक्यावर नाव तेच.

आता तुमच्या डब्याच्या अटी. तीन आहेत, आणि तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी कार्ड ड्रॉवरमध्ये जाते.

उंची. पातळ डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसते, ६९ मिलिमीटरच्या आतलं. साधं कार्ड सरळ घालायला गेलात तर झाकणच लागणार नाही.

जाडी. मोठे दिसणारे दोन स्लॉट आहेत, पण खऱ्या १६ लेन (डेटा जायच्या वाटा) एकातच आहेत, दुसऱ्यात आतून चारच. दोन स्लॉट जाडीचं कार्ड शेजारी कुठेतरी भिडेल. झाकण उघडून, मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजा. मी सांगतो म्हणून मानू नका.

वीज. तुमच्या एसएमपीएसवर (आतल्या वीज देणाऱ्या डब्यावर) २५५ वॅट लिहिलं असेल. त्यातून कार्डासाठी वेगळी वायर येतच नाही. म्हणजे जे कार्ड स्लॉटमधूनच वीज घेते तेच चालेल, आणि स्लॉटची कमाल ७५ वॅट.

वायर_आणि_वारा | शनिवार, सकाळी ११:३०

एसएमपीएसचं टेन्शन काहून घेता? बाहेर साधा ४५० वॅटचा एसएमपीएस ठेवा, २४ पिनचं ८ पिन करायचं कनेक्टर ऑनलाइन मिळते, झाकण उघडं ठेवा. माझा असाच चालू आहे दोन वर्षांपासून. वारा पण लागते.

काटेकोर | शनिवार, सकाळी ११:४२

तुमच्या खोलीत चालेल हो. काकांच्या दुकानात कागद कापायची मशीन आहे, गिऱ्हाइकाची लेकरं आहेत आणि मे महिन्यात कूलर आहे. उघडा एसएमपीएस आणि कूलरचे तुषार.

वायर_आणि_वारा | शनिवार, सकाळी ११:४५

बरं बा. ते कूलरचं नव्हतं डोक्यात.

खटपट्या | शनिवार, दुपारी १२:१०

यात माझी पण एक जोडतो, म्हणजे कोणी हुशारी करणार नाही. मला एकदा सहा पिनचं कार्ड चालवायचं होतं. डीव्हीडी ड्राइव्हची साटा वायर मोकळी होती, तिला सहा पिनचं अडॉप्टर लावलं. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपियर. हिशेब केला तर ५४ वॅट. सहा पिनचं कार्ड मागते ७५ पर्यंत. शाळेतलं गणित, पण मी ते नंतर केलं. पंधरा मिनिटांत घरात प्लास्टिक जळल्याचा वास. आईला वाटलं भाजी लागली. प्लग वितळून ड्राइव्हला असा चिकटला की दोन्ही सोबतच फेकले.

उन्हाळकैदी | शनिवार, दुपारी २:३५

मला एक कळत नाही. चौथ्या पिढीच्या मशीनवर दहा हजार लावायचेच काहून? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली बसत नाही. त्याच दहा हजारात थोडे टाकून आठव्या पिढीचा ऑफिसचा डबा मिळते. मग हळूच पुढच्या वर्षी कार्ड घ्या.

काटेकोर | शनिवार, दुपारी ३:०५

मुद्दा बरोबर आहे, आणि कोणी आज नव्यानं घेत असेल तर मी पण हेच सांगेन. पण काकांच्या हातात मशीन आहे आणि लग्नसराई आत्ता आहे. कार्ड, एसएसडी दोन्ही पुढच्या डब्यात जातात. वाया जाते ती फक्त डीडीआर३ ची पट्टी. म्हणूनच कार्ड असं घ्या की पुढच्या पातळ डब्यातही बसेल आणि ज्याचे ड्रायव्हर अजून येतात.

आणि ड्रायव्हर हा इथे खरा फाटा आहे. जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, क्वाड्रो पी६२०, पी१००० ही सगळी मॅक्सवेल-पास्कल पिढी. त्यांचे नेहमीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त तीन-तीन महिन्यांनी सुरक्षेपुरतं येईल. त्यापुढची ट्युरिंग, म्हणजे जीटीएक्स १६५०, टी४००, टी६००, टी१०००, अजून चालू आहे. १६५० छान आहे, पण ७५ वॅट आणि अर्ध्या उंचीची बहुतेक दोन स्लॉट जाड. तुमच्या आय५ चेच ८४ वॅट, वर हे ७५, वर डिस्क-पंखे. २५५ मध्ये बसते कागदावर, पण दहा-बारा वर्षं जुन्या एसएमपीएसकडून मे महिन्यात मी तेवढं मागणार नाही.

माझं मत, टी६००. ४० वॅट, ४ जीबी जीडीडीआर६, सेकंदाला १६० जीबी, एकच स्लॉट जाडी, अर्धी उंची. ऑफिसातून निघालेली जुनी शोधा.

संत्रासाल | शनिवार, दुपारी ४:२०

आरएक्स ६४०० बद्दल कोणीच नाही बोललं? ५३ वॅट, अर्धी उंची, नवीन मिळते, वॉरंटी येते.

काटेकोर | शनिवार, दुपारी ४:५०

त्याला चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या पीसीआय स्लॉटवर ते चालून जाते. काकांच्या बोर्डाचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा (प्रोसेसरची चौथी पिढी, ती वेगळी), तिथे वेग निम्मा. शिवाय व्हिडिओ एन्कोड करायचा (शेवटची फाइल बनवायचा) भागच त्यात ठेवलेला नाही. गेमवाल्यानं घ्यावं, व्हिडिओवाल्यानं नाही. कोणी इंटेलचं आर्क सुचवायच्या आत तेही सांगतो, त्याला रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसायची सोय) लागते आणि ते या जुन्या बोर्डात नाही.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५८

जुनं कार्ड घेताना काका, डोळे उघडे ठेवा. मी ऑनलाइन "१०५० टीआय ४ जीबी" अर्ध्या किमतीत घेतलं होतं. विंडोजमध्ये नाव बरोबर दाखवायचं. गेम लावला की पडदा काळा. नंतर कळलं की फार जुन्या कार्डाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवं नाव दिलेलं होतं. पितळेवर सोन्याचं पाणी.

खूण समोरच होती, मलाच दिसली नाही. कार्डाच्या मागं निळा व्हीजीए पोर्ट होता. १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, मग व्हीजीए कुठून येईल? जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. २०१८ पासून असं बनावट कार्ड दिसलं की नावाआधीच "फेक" लिहून दाखवते. पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी दुकानदाराच्या मशीनवर चालवा. तो चिडला तर उत्तर मिळालंच समजा.

पत्रिकावाला_महाल | रविवार, सकाळी ८:४०

आज दुकान उशिरा उघडायचं म्हणून सकाळीच डबा खोलला. काय सांगू. माझ्या सगळ्या पत्रिकांची चमकी आत जमली आहे! प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळी आहे न, तिथे कागदाचा भुसा, त्यावर सोनेरी-लाल चमकी, नमद्यासारखा थर. बोटानं उचलला तर अख्खा निघाला, गणपतीच्या शेल्यासारखा. प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट पाहिली तर वाळून पापड. म्हणजे दोन वर्षांपासून त्या पंख्याला हवाच नव्हती. वरून मी त्या डब्यावर सँपल पत्रिकांचे अल्बम ठेवायचो, ते वेगळं.

ब्लोअर मारला, पेस्ट नवीन लावली. पट्टीनं मोजलं. मोठ्या स्लॉटच्या बाजूला एसएमपीएसचा डबा बोटभर अंतरावर, जाड कार्ड बसूच शकत नाही. बर्डीवाल्या दुसऱ्या भाऊचं म्हणणं अर्धं खरं होतं म्हणा.

खटपट्या | रविवार, सकाळी ९:०५

पाहा, फुकटात एक अपग्रेड झालं. आता डबा आडवा ठेवू नका, उभा ठेवा आणि कूलरच्या थेट धारेत नको. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं, तेव्हा माझ्या मशीनचा एसएमपीएस भर दुपारी बसला होता. त्या दिवसापासून नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की मी जड रेंडर रात्री दहानंतरच लावतो.

पत्रिकावाला_महाल | मंगळवार, रात्री ९:३०

आणली टी६००. ऑफिसचा माल विकणारा एक जण मिळाला, आठ हजार आठशे. जीपीयू-झेड त्याच्यासमोर चालवलं, "फेक" नाही आलं, ४०९६ एमबी दाखवलं. तो चिडला नाही, उलट म्हणे काका तुम्ही लाइनमधले दिसता. रात्रपाळी, आभार.

पण घरी आल्यावर वांधा. कार्ड अर्ध्या उंचीचं, पण त्याला लावलेली मागची लोखंडी पट्टी पूर्ण उंचीची! छोटी पट्टी त्याच्याकडे नाही. ऑनलाइन आठ दिवस दाखवते. आता काय?

संत्रासाल | मंगळवार, रात्री ९:४१

पट्टी काढून तसंच बसवा तोवर. पण वायर ओढल्या गेली तर कार्ड स्लॉटमधून हलेल, म्हणून मशीनला कोणी हात लावायचा नाही.

काटेकोर | मंगळवार, रात्री १०:००

लावू नका तसं. दुकानात वायर ओढल्या जातेच. या कार्डाचे चारही पोर्ट पट्टीच्या खालच्या भागात आहेत. वरचा रिकामा भाग कापून, डब्यातल्या रिकाम्या स्लॉटच्या पत्र्याइतक्या उंचीवर काटकोनात वाकवता येईल. पट्टी कार्डावरून काढून मगच कापा. लोखंडाचा कीस कार्डावर पडला तर सगळं संपलं.

पत्रिकावाला_महाल | बुधवार, रात्री १०:१५

इतवारीत पत्र्याचं काम करणारे एक बाबा आहेत, पेट्या-डबे बनवतात. त्यांच्याकडे पट्टी आणि नमुन्याला डब्यातला रिकामा पत्रा घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही एकमेकांवर ठेवले, चष्मा कपाळावर घेतला, खिळ्यानं रेघ मारली, कात्रीनं कापलं आणि ऐरणीवर दोन ठोके. वर कानशीनं धार पण मारून दिली. वीस रुपये. विचारलं, "कशाचा कडी-कोयंडा आहे हा?" सांगायला गेलो तर म्हणे राहू दे.

पट्टी अशी बसली की कंपनीनं दिल्यासारखी. क्लिप पण लागली.

मग बटण दाबलं तर दिवा नारिंगी, लुकलुक करते, पडद्यावर काहीच नाही. पोट्टा माझ्याकडे आणि मी देवाच्या फोटोकडे.

खटपट्या | बुधवार, रात्री १०:१९

नवीन रॅम पण आजच घातली का?

पत्रिकावाला_महाल | बुधवार, रात्री १०:२१

हाव.

खटपट्या | बुधवार, रात्री १०:२३

दोन्ही पट्ट्या काढा. सोनेरी दातांवर खोडरबर हलकं फिरवा, भुसा झटका, परत घाला. दोन्ही बाजूंची कुलपं "टक" वाजली पाहिजेत. आधी वायर भिंतीतून काढा आणि बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा.

पत्रिकावाला_महाल | बुधवार, रात्री १०:५२

एक पट्टी अर्धीच बसली होती. आता दिवा पांढरा झाला, पंखा फिरते. पण पडद्यावर "नो सिग्नल".

काटेकोर | बुधवार, रात्री १०:५५

मॉनिटरची वायर कुठे लावली आहे?

पत्रिकावाला_महाल | बुधवार, रात्री १०:५८

जिथे होती तिथेच. मागं, व्हीजीएमध्ये.

काटेकोर | बुधवार, रात्री ११:०१

तिथेच घोडं पेंड खाते. कार्ड दिसलं की हे बोर्ड आपला स्वतःचा डिस्प्ले बंद करते. वायर कार्डाला लावा. टी६०० ला मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, तुमचा मॉनिटर व्हीजीए. मध्ये कन्व्हर्टर लागेल, मिनी डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए, आत चिप असलेला. नुसत्या पिना जोडणारं स्वस्तातलं काही घेऊ नका.

आज रात्री काम अडलं असेल तर कार्ड काढून ठेवा, जुन्यासारखं चालेल.

पत्रिकावाला_महाल | बुधवार, रात्री ११:०४

काढतो. उद्या सकाळी एका गिऱ्हाइकाची हळदीची पत्रिका द्यायची आहे. एसएसडीवर कोरल मात्र क्लिक केल्याबरोबर उघडते, पोट्ट्याची आई पण पाहायला आली.

उन्हाळकैदी | गुरुवार, सकाळी ७:३०

कन्व्हर्टरवर पैसे लावता तर थेट डिस्प्लेपोर्टचा जुना मॉनिटर पाहा न. व्हिडिओचे रंग व्हीजीएवर धुरकट दिसतात. हिरवा शालू पोपटी गेला तर नवरीकडचे ऐकणार नाहीत.

पत्रिकावाला_महाल | रविवार, रात्री ९:१०

उशीर झाला, सीझन आहे. कन्व्हर्टर आणला, चालू झालं. ड्रायव्हर टाकले. मॉनिटर पुढच्या महिन्यात, उन्हाळकैदींचं म्हणणं पटलं. शालूचा रंग खरंच मोबाइलवर वेगळा दिसला.

तीच तीन मिनिटांची पत्रिका, जी आधी पस्तीस मिनिटं घेऊन मध्येच बंद पडायची, ती साडेसात मिनिटांत निघाली. पोट्टा आता फुलं उडवते, दिवे फिरवते, मी म्हणतो बाबा मजकूर तर वाचू दे. एकदाच "जीपीयू मेमरी फुल" आलं, ४के मध्ये करून राहिला होता. व्हॉट्सॲपवर ४के कोण पाहते? १०८० वर आणलं, गप्प झालं.

दुपारी दुकानात ४४ अंश होतं तेव्हा कार्ड ७६ वर गेलं. पंख्याचा आवाज येते, पण कागद कापायच्या मशीनपुढे काय ऐकू येणार. डबा आता उभा आहे, वर अल्बम ठेवत नाही, आणि चमकीचं काम मागच्या खोलीत हलवलं.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:४०

अभिनंदन काका. माझ्याकडे सेम डबा आहे, ९०२०, पातळवाला. मित्र आरटीएक्स ३०६० स्वस्तात देऊन राहिला. बसेल का?

पत्रिकावाला_महाल | सोमवार, सकाळी ८:०५

त्याला वेगळी वायर लागते, आपल्या एसएमपीएसमधून ती निघतच नाही. आणि उंची? ती पट्टी इतवारीचे बाबा कापून देतील, पण कार्ड नाही कापत ते.